न दिसणारा भाता

लहानपणी आमच्या घरामागच्या बोळात एका लोहाराचे दुकान होते. दुकान कसले, चार खांब आणि वर पत्रा. कोपऱ्यात कातडी भाता, आणि त्याची दोरी ओढायला लोहाराचा धाकटा मुलगा. शाळेतून येताना मी तिथे हमखास रेंगाळायचो. कोळसा तोच, भट्टी तीच. पण दोरी हलली की तांबूस पडलेला विस्तव पाहता पाहता पांढराशुभ्र व्हायचा. दोरी थांबली की पुन्हा मलूल. आग म्हणजे नुसता कोळसा नव्हे, आग म्हणजे वारा, हे मला पुस्तकाआधी त्या बोळाने शिकवले. पुढे उद्यमबागेत फौंड्रीच्या कामाशी संबंध आला तेव्हा कुपोलाचा ब्लोअर सुरू झाल्याचा घुमारा ऐकला की मला तो कातडी भाताच आठवे.

मोटारसायकलच्या छोट्या इंजिनाला असाच भाता लावण्याचा खटाटोप माणसाने शंभर वर्षे केला. त्यात यश आले, बंदी आली, चोरी आली, आणि एका देशाच्या मधोमध उभी राहिलेली भिंतही आली. ही हकिकत मला इतक्या जवळची का वाटते, त्याला कारण माझाच एक जुना मूर्खपणा आहे. तो आधी सांगून टाकतो.

साल १९८८. आमच्या मावसभावाने आर. एक्स. १०० घेतली होती. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना या गाडीविषयी वेगळे सांगायला नको. १९८५ च्या अखेरीस ती आपल्याकडे आली, १९९६ मध्ये बंद झाली, आणि आजही बेळगावच्या कुठल्याही चौकात तिचा आवाज ऐकला की पन्नाशीतली माणसे मान वळवून पाहतात. ९८ सी. सी. चे इंजिन आणि ११ अश्वशक्ती. कॉलेजातल्या कुणीतरी शहाण्याने सांगितले की सायलेन्सर मागून कापून सरळ नळी जोडली की धूर मोकळा सुटतो आणि गाडी उडते. मी मावसभावाला न विचारता तो उद्योग केला. आवाज असा झाला की गल्लीतली कुत्री पळाली. दुसऱ्या दिवशी एका मित्राला मागे बसवून आंबोलीला निघालो. सपाटीवर आवाजाच्या नशेत काही कळले नाही. घाट लागला आणि गाडी बसली. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला. शेवटच्या वळणांना मित्र खाली उतरून चालत होता आणि मी नुसता आवाज करीत त्याच्या बरोबरीने चाललो होतो.

परत आल्यावर गाडी अण्णांकडे नेली. अण्णा म्हणजे आमच्या भागातले नामांकित मिस्त्री. मातृभाषा कानडी, पण गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत आणि इंजिनाशी तिसऱ्याच कुठल्या तरी भाषेत बोलत. त्यांनी ती सरळ नळी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "ब्याड रे तम्मा, हे काय करून बसलास? आवाज विकत घेतलास आणि जोर विकलास. तो पोटाडा सायलेन्सर काय शोभेला असतो? धूर बाहेर घालवायला तो असतो, तसाच धुराला परत ढकलायलाही असतो."

धुराला परत ढकलायचे? कशासाठी? त्या एका वाक्याच्या मागे लागून मी पुढची सात-आठ वर्षे सुट्टीच्या दिवशी अण्णांच्या गॅरेजात काढली आणि मिळेल ते वाचत गेलो. आता मूळ मुद्द्याकडे येतो.

इंजिनाची ताकद पेट्रोलवर अवलंबून असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात अडते ते हवेपाशी. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, हवा मात्र बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने आत शिरेल तेवढीच. शंभर सी. सी. च्या सिलिंडरात फार तर शंभर सी. सी. हवा मावणार, आणि घाईत तीही पुरती शिरत नाही. मग ताकद वाढवायला वाटा दोनच उरतात. एक तर इंजिन दर मिनिटाला जास्त फेरे फिरवायचे, नाहीतर तेवढ्याच जागेत जास्त हवा कोंबायची. हा कोंबण्याचा उद्योग म्हणजेच भाता. इंजिनाच्याच फिरण्यावर पंप चालवला तर त्याला सुपरचार्जर म्हणतात. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवून त्याच्याकडून हवा कोंबून घेतली तर तो टर्बो.

टू-स्ट्रोक इंजिनाचे आणि भात्याचे नाते जन्मापासूनचे आहे. स्कॉटलंडच्या डुगाल्ड क्लर्कने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पहिले टू-स्ट्रोक इंजिन केले तेव्हा मिश्रण आत ढकलायला त्याला वेगळा पंपाचा सिलिंडर होता. पुढे जोसेफ डे या इंग्रज गृहस्थाने तो काढून टाकला आणि पिस्टनखालची क्रँककेसची पोकळीच पंप म्हणून वापरली. इंजिन स्वस्त आणि सुटसुटीत झाले, पण खोट राहिली. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येण्याची आणि जळका धूर बाहेर जाण्याची वेळ जवळजवळ एकच. दोन्ही दारे एकदम उघडी. पाहुणे पुढच्या दाराने आत येतात आणि त्यांतले निम्मे मागच्या दाराने तसेच निघून जातात, अशी गत. टू-स्ट्रोक पेट्रोल पिते असे आपण म्हणतो, ते याच मागच्या दारामुळे.

या दारावर ज्यांनी आयुष्य घालवले त्यांचे गाव जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात, डोंगराच्या कुशीत आहे. नाव चोपाउ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात योर्गेन स्कॅफ्टे रासमुसेन नावाच्या एका डॅनिश माणसाने तिथल्या एका रिकाम्या पडलेल्या कापडगिरणीत कारखाना थाटला. पहिल्या महायुद्धात त्याने वाफेवर चालणारी गाडी करून पाहिली. ती काही चालली नाही, पण तिच्या नावाची आद्याक्षरे मागे राहिली. तीच डी. के. डब्ल्यू. मग एक खेळण्यातले टू-स्ट्रोक इंजिन, मग सायकलला जोडायचे इंजिन, मग पुरती मोटारसायकल. १९२० चे दशक संपत आले तेव्हा हा कारखाना जगातला सर्वांत मोठा मोटारसायकल-कारखाना झाला होता.

शर्यतीसाठी डी. के. डब्ल्यू. ने टू-स्ट्रोकला पुन्हा पंप लावला. क्रँककेसलाच जोडलेला आणखी एक जाड पिस्टन. तो जळत नाही, नुसता मिश्रण खेचतो आणि दाबतो. पण मागचे दार उघडे असताना भाता लावून काय उपयोग? कोंबलेले सारे धुराड्यातून बाहेर. यावर तोड निघाली ती मजेदार आहे. शेजारी शेजारी दोन सिलिंडर, वर दोघांना मिळून एकच खोली. एका पिस्टनने ताज्या मिश्रणाचे दार सांभाळायचे, दुसऱ्याने धुराचे, आणि धुराचे दार किंचित आधी बंद व्हावे अशी जुळणी. मागचे दार लागले, पुढचे अजून उघडे. आता खुशाल कोंबा! घरातली थोरली जाऊ मागचे दार लावून घेते आणि मगच धाकटी पुढचे दार पाहुण्यांना सताड उघडते, असे आमच्या सौ. ला समजावून सांगितले तेव्हा तिला ते माझ्या आधी समजले.

१९३८ साली आयल ऑफ मॅन या बेटावरच्या जगप्रसिद्ध टी. टी. शर्यतीत २५० सी. सी. गटात एवाल्ड क्लुगे याने असले डी. के. डब्ल्यू. पळवले आणि दुसऱ्या क्रमांकाला अकरा मिनिटांहून अधिक मागे टाकले. टी. टी. जिंकणारा तो पहिला जर्मन. त्या इंजिनाच्या किंकाळीविषयी इंग्रज इतके लिहून गेले आहेत की आमची आर. एक्स. त्यापुढे मांजर वाटावी. पुढल्या वर्षी, १९३९ मध्ये, ५०० सी. सी. च्या मानाच्या शर्यतीत गेऑर्ग मायर बी. एम. डब्ल्यू. घेऊन उतरला. ते फोर-स्ट्रोक, पुढच्या बाजूला सुपरचार्जर बसवलेले. तो पहिला आला आणि त्याच कारखान्याची दुसरी गाडी दुसरी आली. त्या विजयाला काळी किनारही होती. त्यांचाच स्वार कार्ल गाल सरावात पडून मरण पावला होता. त्याआधी १९३७ च्या नोव्हेंबरात एर्न्स्ट हेन्ने याने सुपरचार्जर लावलेली ५०० सी. सी. ची बी. एम. डब्ल्यू. ताशी २७९ किलोमीटरच्या वर नेली होती आणि तो विक्रम चौदा वर्षे टिकला. इटलीची गिलेरा मागे नव्हती, इंग्लंडच्या ए. जे. एस. आणि व्हेलोसेट यांनीही सुपरचार्जरच्या गाड्या बांधायला घेतल्या होत्या. आणखी दोन-चार वर्षे मिळती तर काय काय झाले असते कोण जाणे. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले.

युद्ध संपले आणि १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने शर्यतीत सुपरचार्जरला बंदी केली. युद्धानंतर मिळणारे पेट्रोल हलके, त्यात दाबाखाली इंजिन ठोके देऊन फुटणार, खर्च भारी, वेग जिवावर बेतणारे. ही कारणे खोटी नाहीत. पण युद्धाआधीची शेवटची दोन वर्षे कोण जिंकत होते आणि १९४६ साली महासंघात कोण नव्हते, हेही पाहावे. जर्मनीला तिथे जागाच नव्हती. निर्णयात थोडी पराभवाची आठवण मिसळली होती असे मला वाटते. नियम करणाऱ्यांचेही त्यात नुकसान झालेच. ए. जे. एस. ने भाता लावण्याच्या हिशेबाने नवे इंजिन आखले होते, ते भात्याविना पळवावे लागले. तरी १९४९ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ५०० सी. सी. चे विजेतेपद त्यानेच मिळवले. असो.

चोपाउची अवस्था याहून वाईट होती. गाव रशियाच्या ताब्यातल्या भागात गेले. कारखान्याची यंत्रे युद्धाची भरपाई म्हणून उचलून नेली गेली. डी. के. डब्ल्यू. चा मुख्य आखणीकार हर्मान वेबर यालाही रशियात नेण्यात आले आणि १९४८ मध्ये तो तिकडेच वारला. त्याने आखलेली आर. टी. १२५ ही साधी, गुणी गाडी मात्र जगभर गेली, कारण हरलेल्याच्या आराखड्याला मालक राहिला नव्हता. इंग्लंडात तिची बी. एस. ए. बँटम झाली, अमेरिकेत हार्लेने केली, रशियाने केली, आणि १९५५ साली जपानात पियानो बनवणाऱ्या एका कंपनीने आपली पहिली मोटारसायकल म्हणून तिचीच नक्कल काढली. त्या गाडीला जपानी लोक लाडाने 'लाल चतुर' म्हणत. कंपनीचे नाव यामाहा. म्हणजे माझ्या मावसभावाच्या आर. एक्स. ची खापरपणजी चोपाउचीच.

जुन्या डी. के. डब्ल्यू. ची माणसे पश्चिमेकडे इंगोलश्टाटला जाऊन त्याच नावाने गाड्या करू लागली. इकडे पूर्वेला मूळ गावात मूळ भिंतींमध्ये काम चालू राहिले, पण नाव बदलत गेले आणि शेवटी एम. झेड. झाले. एकच घराणे, मधून रेघ ओढली गेली आणि दोन्हीकडची माणसे आपणच खरे म्हणू लागली. हे वाचताना आपल्या वाचकांच्या मनात काय येईल ते मी लिहीत नाही.

या चोपाउत वाल्टर काडेन होता. जन्म १९१९, त्याच डोंगराळ मुलखातल्या पोबेरशाउचा. वडील डी. के. डब्ल्यू. च्या विक्रीप्रमुखाची गाडी चालवत. आठव्या वर्षात असताना न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतमार्गाच्या उद्घाटनाला त्याला नेले होते; तेव्हापासून डोक्यात इंजिने. युद्धात तो हेन्शेल विमान-कारखान्यात रेडिओने वळवता येणाऱ्या बॉम्बवर काम करीत होता. युद्धानंतर घरी परतला आणि काही काळ लाकडाच्या कामावर पोट भरले. मग स्वतःची आर. टी. १२५ घरीच तयार करून शर्यतीत उतरवली, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याने शर्यतविभाग त्याच्या हाती दिला. विभाग म्हणजे मूठभर माणसे. चांगली बेअरिंगे आणि प्लग मिळवायचे तर पश्चिमेकडे हात पसरायचे, आणि परकीय चलन कुठे होते?

सुपरचार्जरला बंदी. पंपाचा पिस्टन नको, पंखा नको. मागचे दार तर उघडेच. मग काडेनने दाराबाहेरच्या नळीकडे पाहिले.

धुराचे दार उघडते तेव्हा नुसता धूर बाहेर पडत नाही, दाबाचा एक ठोका बाहेर पडतो. त्या तापलेल्या धुरात तो सेकंदाला साधारण पाचशे मीटर वेगाने नळीतून धावतो. नळी पुढे नरसाळ्यासारखी रुंद होत गेली तर त्या ठोक्याचा प्रतिध्वनी उलटा येतो, म्हणजे ओढ घेऊन येतो. ही ओढ सिलिंडरातला उरलासुरला धूर खेचून काढते आणि ताजे मिश्रणही आत खेचते, इतके की थोडे दाराबाहेर नळीतही येते. आता नळीच्या दुसऱ्या टोकाला उलटे नरसाळे लावा, रुंदाकडून अरुंदाकडे जाणारे. तिथे आपटलेला ठोका दाब म्हणूनच परत येतो आणि बाहेर सांडलेले ताजे मिश्रण पुन्हा दारातून आत ढकलतो. तेवढ्यात पिस्टन वर येऊन दार बंद करतो. अण्णा म्हणाले ते हेच. फक्त परत ढकलायचे असते ते धुराने, मिश्रणाला.

पंप नाही, पट्टा नाही, फिरणारा एकही भाग नाही, आणि तरी सिलिंडरात कोंबले गेलेच. दोन नरसाळी आणि मधला पोटाडा पत्रा मिळून एक भाता झाला, फक्त तो आवाजाचा. महासंघाच्या नियमात याला नावच नव्हते. नळीला सुपरचार्जर म्हणणार कसे?

अवघड होते ते वेळेचे. इंजिन मिनिटाला १०,८०० फेरे घेत असेल तर एक फेरा सेकंदाच्या १८० व्या भागात संपतो. त्यात धुराचे दार उघडे असते ते अर्ध्याहून थोडे अधिक. म्हणजे सेकंदाचा साधारण साडेतीनशेवा भाग. तेवढ्यात ठोका जाऊन परत आला पाहिजे. हिशेब केला तर नळी दीड-पावणेदोन हात लांब ठेवावी लागते. दोन बोटे कमी-जास्त झाली की ठोका एक तर लवकर येतो, नाहीतर बंद दारावर डोके आपटतो. म्हणून असले इंजिन ठराविक फेऱ्यांत वाघ आणि त्याखाली शेळी. काडेन हे अंदाजाने करीत बसला नाही. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दाबाच्या लाटा पाहून एकामागून एक नळ्या कापीत-जोडीत गेला. निमुळत्या नळीची कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे, पश्चिमेकडच्या डी. के. डब्ल्यू. नेही तशा नळ्या लावल्या होत्या. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी फिरणारी तबकडी बसवण्याची युक्तीही त्याने पूर्व जर्मनीतल्याच डॅनियल त्सिमरमान या खटपट्या माणसाच्या गाडीवर पाहिली. पण या साऱ्यांचा मेळ घालून त्याने जे केले ते कोणी केले नव्हते. १९६१ साली त्याचे १२५ सी. सी. चे इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागले. म्हणजे लिटरला दोनशे. भात्याशिवाय तिथवर पोहोचलेले ते पहिले इंजिन. आपल्याकडे त्या काळात रुबाबात धडधडणारी ३५० सी. सी. ची बुलेट साधारण १८ अश्वशक्तीची होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्याच १९६१ सालात काडेनचा पहिला स्वार होता एर्न्स्ट डेग्नर. तोही नुसता स्वार नव्हे, तंत्र जाणणारा. काडेनच्या हाताखाली इंजिने उघडून-जोडून तयार झालेला. १२५ सी. सी. च्या जागतिक स्पर्धेत तो होंडाच्या टॉम फिलिसच्या पुढे होता. पण १३ ऑगस्टला बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली. डेग्नरची बायको आणि दोन लहान मुले पूर्वेत. जपानच्या सुझुकीची माणसे आयल ऑफ मॅनला त्याच हॉटेलात उतरत आणि त्यांची टू-स्ट्रोक इंजिने तेव्हा शर्यतीत मार खात होती. बोलणी आधीच झालेली. १७ सप्टेंबर, स्वीडनमधले क्रिस्तियानस्टाड. जिंकला असता तर विजेतेपद जवळजवळ हातात. तिसऱ्या फेरीच्या सुमारास इंजिन गेले. त्याच रात्री डेग्नर डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनीत निघून गेला. बायको आणि औषधाने झोपवलेली मुले एका मोटारीच्या डिकीत लपवून आधीच सीमेपार आणली होती.

पूर्व जर्मनीने त्याच्यावर मुद्दाम इंजिन फोडल्याचा आरोप केला आणि परवाना काढून घेतला. अर्जेंटिनातल्या शेवटच्या शर्यतीत तो उतरू शकला नाही. विजेतेपद फिलिसला गेले. नोव्हेंबरात डेग्नर जपानमध्ये हामामात्सुला सुझुकीच्या कारखान्यात होता. त्याने आराखडे नेले, सुटे भाग नेले, अशा कथा पुष्कळ आहेत. त्या बाजूला ठेवल्या तरी डोक्यात जे होते ते गेलेच. १९६१ मध्ये मागे रेंगाळणाऱ्या सुझुकीने १९६२ मध्ये ५० सी. सी. चे जागतिक विजेतेपद मिळवले, स्वार अर्थात डेग्नर. टू-स्ट्रोकचे ते पहिले जागतिक विजेतेपद. पुढे पाच-सहा वर्षांत सुझुकीच्या ५० सी. सी. च्या दोन सिलिंडरी इंजिनाने मिनिटाला १७,३०० फेऱ्यांवर साडेसतरा अश्वशक्ती दिली. तो वाघपणा इतक्या अरुंद पट्ट्यात कोंडलेला की गाडीला १४ गिअर लागले. १९६४ मध्ये यामाहाने २५० सी. सी. चे विजेतेपद घेतले, १९७५ मध्ये ५०० सी. सी. चेही. मग ती विद्या रस्त्यावरच्या गाड्यांत उतरली आणि १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांबरोबर आपल्या दारी आली.

चोपाउला जागतिक विजेतेपद कधीच मिळाले नाही. १९६३ मध्ये माइक हेलवुड याने साक्सेनरिंगला, म्हणजे त्यांच्या अंगणात, त्यांची २५० सी. सी. ची गाडी जिंकून दाखवली, तेवढेच सुख. काडेन तिथेच काम करीत राहिला, भिंत उभी राहताना आणि पडताना पाहिली, आणि १९९६ च्या मार्चमध्ये वारला. डेग्नर १९६३ मध्ये सुझुकाच्या शर्यतीत पेटत्या गाडीखाली भयंकर भाजला, पुढे पहिल्यासारखा राहिला नाही आणि १९८३ मध्ये, बावन्नाव्या वर्षात, तेनेरिफ बेटावर गेला. सुझुकाच्या शर्यतमार्गावर त्याच्या नावाचे वळण आजही आहे. काडेनच्या नावाचे वळण माझ्या पाहण्यात नाही.

खरा भाताही नाहीसा झाला नाही, हे सांगून टाकतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी या चौघांनी टर्बोच्या मोटारसायकली विकून पाहिल्या. मूठ पिळल्यावर क्षणभर काहीच नाही आणि मग एकदम धक्का, वर वजन आणि किंमत. चार-पाच वर्षांत साऱ्या बंद. प्यूजोने १२५ सी. सी. च्या स्कूटरला सुपरचार्जर लावला, कावासाकीने २०१५ मध्ये हजार सी. सी. च्या गाडीला लावला, आणि २०२४ च्या मिलानच्या प्रदर्शनात होंडाने विजेवर चालणाऱ्या भात्याचे इंजिन मांडले. शर्यतीच्या ग्रांप्रीत १९४६ ची बंदी मात्र अजून उठलेली नाही.

डेग्नरला चोर म्हणावे का? तरुणपणी मी ठासून हो म्हणत असे. अण्णांच्या गॅरेजात जेवणाच्या सुट्टीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिथली पोरे हळहळली. अण्णा मात्र डबा खाता खाता एवढेच म्हणाले, "पोरं डिकीत होती म्हणतोस ना? मग बोलू नको."

१९९५ मध्ये मी उद्यमबागेत स्वतःचे छोटे शेड घेतले. लेथ आणि गॅस वेल्डिंग. फौंड्रीची कामे मिळेपर्यंत हौशी पोरांच्या गाड्यांना चेंबर, म्हणजे असल्या पोटाड्या नळ्या, करून देऊ लागलो. नरसाळी कापायची तर पत्र्यावर नमुना ठेवून आखावे लागते. तो नमुना मी काही शोधून काढला नव्हता. अण्णांच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेला पुठ्ठ्याचा नमुना होता, वर्षानुवर्षे कापून, चिकटवून, पुन्हा कापून त्यांनी ठरवलेला. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ते जेवायला गेले असताना मी तो वर्तमानपत्रावर उतरवून घेतला होता. माझ्या डिकीत कोणी नव्हते. कोणी मला अडवलेही नसते. मागितला असता तर त्यांनी दिलाही असता. मी मागितला नाही.

चार-सहा महिन्यांनी अण्णा शेडवर आले. कसला तरी बुश करून हवा होता. मी चहा मागवला. भिंतीला तीन नळ्या टांगल्या होत्या. चहा घेता घेता ते त्यांच्याकडे पाहत राहिले, मग उठून एक खाली काढली, सिलिंडराकडचे तोंड हातात धरून वीत लावून मोजली, आतून बोट फिरवून वेल्डिंग पाहिले.

"घाटात ओढत नसेल."

"नाही," मी म्हणालो. "गिऱ्हाईक तेच म्हणतंय."

"अर्ध इंच ज्यास्ती इडु," असे म्हणून त्यांनी नळी पुन्हा खिळ्याला अडकवली. "माझ्या पुठ्ठ्यावर ते लिहिलेलं नाही. ते मी जोडताना धरतो."

बुशचे पैसे मी घेत नव्हतो. ते टेबलावर ठेवून गेले.